सांडपाणी संस्करण, ग्रामीण

सांडपाणी संस्करण, ग्रामीण : खेड्यातील घरे, शाळा, सार्वजनिक नळकोंडाळी व गोठे यांतून बाहेर पडणारे वापरलेले पाणी वाहून नेणे, त्यातील सेंद्रिय द्रव्ये व रोगकारक जंतू कमी करणे आणि उरलेले पाणी जमिनीत, शेतात किंवा ओढ्यात निर्धोकपणे सोडणे, या क्रियांना ही संज्ञा लावतात. शहरी वाहितमल संस्करणाची जीवरासायनिक तत्त्वे येथेही तीच आहेत. तथापि खेड्याची व्यवस्था म्हणजे शहरातील केंद्राची लहान प्रतिकृती नव्हे. शहरात यंत्रे, वीज व प्रशिक्षित कर्मचारी यांवर काम चालते. खेड्यात ते मुख्यतः माती, उतार, ऊन व वनस्पती यांच्याकडून करवून घ्यावे लागते. त्यामुळे कोणती पद्धत योग्य, हे लोकसंख्येपेक्षा गावाखालच्या जमिनीवर अधिक अवलंबून असते. नाशिक जिल्ह्यात ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसते. पश्चिमेस इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा या तालुक्यांत अतिवृष्टीचा डोंगराळ प्रदेश, पातळ माती व विखुरलेले पाडे आहेत. पूर्वेस निफाड, येवला, नांदगाव या भागांत कमी पाऊस, काळी जमीन व दाट वस्तीची गावठाणे आहेत. एकाच जिल्ह्यात एका टोकाला उपयुक्त ठरणारी रचना दुसऱ्या टोकाला निकामी ठरते.

पूर्वस्थिती : विहिरीवरून वा नदीवरून डोक्यावर पाणी आणण्याच्या काळात खेड्यात सांडपाण्याचा प्रश्न जवळजवळ नव्हता. कपडे नदीवर धुतले जात, गुरे ओढ्यावर नेली जात आणि घरात दरमाणशी १०–१५ लि. पाणी जेमतेम वापरले जाई. मोरीचे पाणी परसातील अळू, केळ व कर्दळीच्या आळ्यात जिरे. शेण, राख व केरकचरा उकिरड्यात कुजून खत होई. ही व्यवस्था बेताची असली, तरी पाण्याच्या त्या परिमाणाला ती पुरेशी होती. नळयोजना आल्यावर हे परिमाण एकदम वाढले. ग्रामीण पाणीपुरवठ्याचे प्रमाण दीर्घ काळ दरमाणशी प्रतिदिनी ४० लि. होते, २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ते ५५ लि. ठरविण्यात आले. पाणी आत आणण्याची योजना आखताना ते बाहेर कोठे जाणार याचा आराखडा मात्र सहसा झाला नाही. परसबागा बांधकामांनी व्यापल्या गेल्या. मोऱ्यांचे पाणी प्रथम रस्त्यावर आणि मग सिमेंटच्या उघड्या गटारात आले. ही गटारे गावाच्या शेवटच्या घरापाशी संपतात व तेथून पाणी ओढ्यात किंवा सखल जागी डबक्यात साचते. गटार बांधल्याने पाण्याची जागा बदलते, त्याचा गुण बदलत नाही, ही साधी गोष्ट अनेक ग्रामपंचायतींच्या आराखड्यांत दुर्लक्षिलेली आढळते.

स्वरूप व परिमाण : सांडपाण्याचे दोन भाग मूलतः वेगळे समजले पाहिजेत. स्वयंपाकघर, न्हाणीघर व कपडे धुण्याच्या जागेतील पाण्यात साबण, स्निग्ध पदार्थ, अन्नकण व माती असते. त्यात रोगजंतू तुलनेने कमी असतात. शौचालयातील मलपाण्यात आतड्याच्या रोगांचे जंतू, काविळीचे विषाणू व कृमींची अंडी असतात. पाणी ओतून वापरावयाच्या शौचकूपात एका वेळेस २ लि.च्या आसपास पाणी पुरते. म्हणून मलपाण्याचे आकारमान थोडे, पण धोका फार मोठा असतो. पहिला प्रकार दुसऱ्यात मिसळला की संपूर्ण पाण्याला मलपाण्याचाच दर्जा येतो. हे दोन प्रवाह वेगळे ठेवणे ही ग्रामीण संस्करणातील सर्वांत स्वस्त व सर्वांत परिणामकारक पायरी होय.

पुरवठ्याच्या सु. ८० टक्के पाणी सांडपाणी म्हणून परत येते असे धरतात. या हिशेबाने दीड हजार वस्तीच्या गावात ५५ लि. पुरवठा असल्यास दररोज ६६,००० लि. सांडपाणी निर्माण होते, तर पाच माणसांच्या घरातून २२० लि. निघते. त्यातील सेंद्रिय भार ‘जैव ऑक्सिजन मागणी’ या राशीने मोजतात. पाण्यातील सूक्ष्मजंतूंना तेथील सेंद्रिय द्रव्य पचविण्यास जेवढा ऑक्सिजन लागतो, तेवढी ही मागणी असते. माणशी रोजची मागणी ३० ते ४५ ग्रॅ. असते. असे पाणी ओढ्यात गेल्यास तेथील विरघळलेला ऑक्सिजन संपतो, मासे मरतात व पाणी काळे पडून त्यास दुर्गंधी येते. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ खालील सर्वसाधारण मानकांनुसार भूपृष्ठावरील जलाशयात सोडावयाच्या पाण्यात ही मागणी ३० मिग्रॅ./लि. व सिंचनासाठी जमिनीवर सोडावयाच्या पाण्यात १०० मिग्रॅ./लि. यांहून अधिक असता कामा नये. या दोन आकड्यांतील अंतर लक्षात घेण्याजोगे आहे. जमीन स्वतःच संस्करणाचे उरलेले काम करते, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

जमिनीची पारख : शोषखड्डा, दोन खड्ड्यांचे शौचालय व सेप्टिक टाकीच्या पुढील शोषचर या तिन्हींचे यश माती किती पाणी जिरवते यावर ठरते. त्यासाठी जिरपणीची साधी चाचणी करतात. योजलेल्या खोलीपर्यंत लहान खड्डा घेऊन तो पाण्याने भरून ठेवतात व माती पूर्ण भिजल्यावर पाण्याची पातळी २·५ सेंमी. उतरण्यास किती वेळ लागतो हे मोजतात. ३० मिनिटांच्या आत पातळी उतरल्यास शोषखड्डा चालतो. ३० ते ६० मिनिटे लागल्यास लांब शोषचर घ्यावे लागतात. त्याहून अधिक वेळ लागल्यास पाणी जमिनीत जिरविण्याचा विचार सोडून द्यावा लागतो.

काळ्या जमिनीत ही चाचणी फसवी ठरू शकते. या मातीतील चिकण खनिजे पाण्याने फुगतात व उन्हाने आकसतात. वैशाखात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि त्या भेगांतून ओतलेले पाणी झरझर नाहीसे होते. त्याच जागी श्रावणात खड्डा तुडुंब भरून राहतो. उन्हाळ्यात कोरड्या जमिनीवर घेतलेल्या चाचणीवर विसंबून गावभर शोषखड्डे घेतले, की पहिल्याच पावसाळ्यात ते उफाळतात व दोष कारागिराला किंवा योजनेला दिला जातो. म्हणून खड्डा आदल्या दिवसापासून भिजत ठेवणे, शक्य तर पावसाळ्यातच चाचणी घेणे आवश्यक असते.

मातीची दैनिक शोषणक्षमता स्थूलमानाने वाळूत दर चौ. मी. ५० लि., दुमट मातीत २५ ते ३० लि. व घट्ट चिकणमातीत १० लि. किंवा त्याहूनही कमी धरतात. १·२ मी. लांबी, रुंदी व खोलीच्या खड्ड्याच्या चार भिंतींचे क्षेत्रफळ सु. ५·८ चौ. मी. भरते. तळ लवकरच गाळाने बुजत असल्याने तो हिशेबात घेत नाहीत. दुमट मातीत असा खड्डा दररोज १४५ ते १७५ लि. पाणी जिरवील; म्हणजे शौचालयाचे व परसबागेत वळविलेले पाणी वगळल्यास एका कुटुंबाचे भागेल. काळ्या मातीत तो ५८ लि. देखील जिरवू शकणार नाही.

दख्खनच्या पठारावर काळ्या मातीखाली बहुधा मुरूम व त्याखाली भेगाळ किंवा अखंड बेसाल्ट खडक असतो. मातीचा थर भेदून खड्डा मुरमापर्यंत नेल्यास तो उत्तम चालतो. तथापि याच मुरमात व भेगांत गावाच्या विहिरीचे पाणी असते. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू झिरपताना जंतू गाळले जातात व मरतात. खडकाच्या भेगेत असे काहीच घडत नाही, पाणी वाट मिळेल तसे पुढे जाते. खड्डा व विहीर यांत निदान १० ते १५ मी. अंतर ठेवावे हा नियम मातीच्या प्रदेशासाठी ठीक आहे; भेगाळ खडकात कोणतेच ठराविक अंतर पुरेसे मानता येत नाही. खड्ड्याचा तळ व पावसाळ्यातील भूजलपातळी यांत सु. २ मी. जाडीचा मातीचा थर राहील हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. यावरून एक व्यवहार्य नियम निघतो. मोरीचे पाणी मुरमात सोडण्यास हरकत नाही. मलपाणी मात्र वरच्या मातीच्या थरातच, उथळ खड्ड्यांतून जिरवावे.

पश्चिमेकडील पाड्यांवर धोक्याचे रूप वेगळे असते. तेथे पिण्याचे पाणी पुष्कळदा उताराच्या पायथ्याशी फुटणाऱ्या झऱ्याचे वा त्यावर बांधलेल्या विहिरीचे असते आणि घरे वरच्या अंगाला असतात. पावसाळ्यात भूजल जमिनीच्या अगदी जवळ येते. अशा ठिकाणी शौचालयाचे खड्डे झऱ्याच्या बाजूने नव्हे, तर डोंगरसोंडेच्या दुसऱ्या उतारावर घेणे, ते उथळ ठेवून त्यांचा वरचा भाग जमिनीच्या वर बांधून काढणे व भोवती मातीचा भराव घालणे हे उपाय करतात. विहिरीच्या पाण्यात विरंजक चूर्ण, म्हणजे खेड्यात ‘टीसीएल’ म्हणून ओळखली जाणारी पावडर, टाकून बहुतेक जंतू मरतात. मलपाण्यातून आलेले नायट्रेट मात्र त्यामुळे कमी होत नाही व कृमींची अंडीही नेहमीच्या मात्रेने नष्ट होत नाहीत. नायट्रेटाची पिण्याच्या पाण्यातील मर्यादा ४५ मिग्रॅ./लि. आहे, त्याहून अधिक प्रमाण तान्ह्या मुलांना विशेष घातक असते.

मलपाणी : महाराष्ट्रात ग्रामीण शौचालयांच्या कार्याला मोठी परंपरा आहे. सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे निर्धोक खत करणारा ‘गोपुरी संडास’ प्रचारात आणला. भंगीमुक्ती हा त्यामागील मुख्य हेतू होता. देहू (जि. पुणे) येथील डॉ. सु. वि. मापुसकर यांनी हे कार्य पुढे नेऊन शौचालयास जोडलेले ‘मलप्रभा’ जैववायू संयंत्र विकसित केले. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. मानवी मैल्यापासून वायू मिळविण्याचा प्रयोग मुंबईत त्यापूर्वीच, १८९७ मध्ये माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रयस्थानात झाला होता. नाशिकजवळ गोवर्धन येथील निर्मल ग्राम निर्माण केंद्र शौचालयांच्या विविध प्रकारांचे प्रात्यक्षिक व प्रशिक्षण देण्याचे काम करीत आले आहे. राज्यशासनाने २००० मध्ये सुरू केलेले संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान व २०१४ पासूनचे स्वच्छ भारत अभियान यांमुळे शौचालयांची संख्या झपाट्याने वाढली. त्यांतील मलपाण्याचे पुढे काय होते, हा प्रश्न त्यानंतर अधिक तीव्र झाला.

एका कुटुंबासाठी आलटून पालटून वापरावयाचे दोन शोषखड्डे ही सर्वांत निर्धोक व स्वस्त रचना आहे. खड्डे साधारण १ मी. व्यासाचे व तेवढेच खोल असून त्यांची बांधणी जाळीदार असते. एक भरल्यावर मलपाणी दुसऱ्यात वळवितात. बंद ठेवलेल्या खड्ड्यातील मैला दीड ते दोन वर्षांत कुजून त्याचे कोरडे, वासरहित खत होते व तोपर्यंत बहुतेक रोगजंतू नष्ट झालेले असतात. मल वळविण्यासाठी दोन खड्ड्यांच्या मध्ये लहान चौकोनी कोठी असते व तिच्यातील एक तोंड बंद ठेवावयाचे असते. हे काम विटेच्या तुकड्याने व थोड्या मातीने होते. परंतु ते न केल्याने दोन्ही खड्डे एकाच वेळी भरलेले अनेकदा आढळतात.

एवढी सोपी पद्धत असूनही लोकांचा ओढा सेप्टिक टाकीकडे असतो. त्यातही ‘वीस वर्षे भरणार नाही’ अशी प्रचंड टाकी बांधण्याकडे कल दिसतो. खड्डा आपल्याला किंवा आपल्या मुलांना रिकामा करावा लागेल, ही भावना त्याच्या मुळाशी आहे आणि मैला उपसण्याचे काम शतकानुशतके ठराविक जातींवर लादले गेल्याने ती इतकी खोल गेली आहे. दोन वर्षांनी खड्ड्यातून निघणारा पदार्थ मैला नसून खत असते, हे प्रत्यक्ष दाखविल्याशिवाय ती सहसा जात नाही.

सेप्टिक टाकीची शास्त्रशुद्ध रचना वेगळीच असते. पाच माणसांसाठी १·५ मी. लांब, ०·७५ मी. रुंद व सु. १ मी. पाण्याची खोली असलेली टाकी पुरते. तीत जड पदार्थ तळाशी बसतात, स्निग्ध पदार्थ तरंगून साय धरतात व अवायुजीवी (ऑक्सिजनाशिवाय जगणारे) सूक्ष्मजंतू तळच्या गाळाचे अंशतः पचन करतात. निलंबित घन पदार्थ ५० ते ७० टक्के व जैव ऑक्सिजन मागणी ३० ते ५० टक्के कमी होते. रोगजंतू मात्र फारसे कमी होत नाहीत. टाकीतून बाहेर पडणारे पाणी दिसण्यास बरे असले, तरी ते मलपाणीच असते. त्यामुळे टाकीपुढे शोषचर किंवा उलट्या प्रवाहाची गाळणी असलीच पाहिजे. ही पुढची पायरी गाळून टाकीचे तोंड थेट गावगटारात सोडण्याचा प्रघात फार पसरलेला आहे. असे एक घर सुद्धा साऱ्या गटाराचे पाणी दूषित करते व शेजारच्या पन्नास घरांनी प्रवाह वेगळे ठेवण्यासाठी घेतलेले श्रम वाया घालविते. टाकी गळकी किंवा बिनतळाची असल्यास तिचे पाणी कोणत्याही गाळणीविना खोल मुरमात उतरते.

हिवाळ्यातील थंडीचाही परिणाम होतो. निफाड परिसरात काही वर्षी किमान तापमान ५° से.च्या खाली उतरते. जमिनीखालची टाकी तितकी थंड होत नाही. तरीही जंतूंचे पचनकार्य या दिवसांत मंदावते व जैववायू संयंत्रातील वायूचे उत्पादन घटते.

मोरीचे पाणी : जेथे परस शिल्लक आहे तेथे गाळसापळा व त्यापुढे केळी, अळू, कर्दळ यांचा वाफा ही जुनीच रचना आजही सर्वोत्तम होय. जेथे परस नाही, तेथे शोषखड्डा घेतात. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे घेऊन उघडी गटारे नाहीशी केली; तेथून हा प्रकार ‘नांदेड पॅटर्न’ व ‘जादूई शोषखड्डा’ या नावांनी राज्यभर पसरला. या रचनेत सु. चार फूट लांबी, रुंदी व खोलीच्या खड्ड्याच्या मध्यभागी बाजूंनी भोके पाडलेली सिमेंटची टाकी ठेवतात व भोवती दगड-गोटे भरतात. गाळ मधल्या टाकीतच साठतो व झाकण काढून तो उपसता येतो. पूर्वीच्या शोषखड्ड्यांत दगडच गाळाने भरून जात व सारा खड्डा पुन्हा खणावा लागे. नव्या रचनेचा खरा फायदा साफसफाईच्या या सोयीत आहे, तीत जादू काही नाही. खरकटे व तेलकट द्रव्य आत जाऊ नये म्हणून आधी जाळी व सापळा बसवितात. डबकी गेल्याने घाण पाण्यात वाढणारे क्यूलेक्स डास कमी होतात. डेंगीचा प्रसार करणारे ईडिस डास घरातील साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढत असल्याने त्यांचा बंदोबस्त शोषखड्ड्याने होत नाही, हेही सांगितले पाहिजे.

सामुदायिक संस्करण : काळ्या जमिनीच्या दाट गावठाणात घरोघर पाणी जिरविणे शक्य नसते. तेथे गटारे एकत्र आणून शेवटच्या टोकास संस्करण करावे लागते. जी चिकणमाती शोषखड्ड्यास प्रतिकूल असते तीच चोपून बसविल्यास तलावाच्या तळास उत्तम अस्तर होते, हा निसर्गाचा एक अनुकूल योग म्हणावा लागेल.

यासाठी स्थिरीकरण तलाव ही सर्वांत साधी योजना आहे. १ ते १·५ मी. खोलीच्या तलावात सूक्ष्मजंतू सेंद्रिय द्रव्याचे विघटन करून कार्बन डाय-ऑक्साइड व पोषक लवणे मुक्त करतात. त्यांवर हिरवी शैवले वाढतात व प्रकाशसंश्लेषणाने जंतूंना लागणारा ऑक्सिजन पुरवितात. तळाशी अवायुजीवी पचन चालू असते. वीज अथवा यंत्र काहीच लागत नाही. प्रखर ऊन व दीर्घ मुक्काम यांमुळे रोगजंतूही मोठ्या प्रमाणावर मरतात आणि कृमींची जड अंडी तळाशी बसतात. नागपूर येथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (१९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, ‘नीरी’) भारतीय परिस्थितीत या तलावांवर विस्तृत संशोधन केले व अक्षांशानुसार त्यांवर टाकता येणाऱ्या सेंद्रिय भाराची परिमाणे ठरविली. २०° उत्तर अक्षांशासाठी हे परिमाण दर हेक्टरी प्रतिदिनी सु. २५० किग्रॅ. आहे. नाशिक शहर नेमके याच अक्षांशावर येते. माणशी ३० ग्रॅ. भार धरल्यास दीड हजार वस्तीस ४५ किग्रॅ. भार होतो व त्यासाठी ०·१८ हेक्टर, म्हणजे सु. १८ गुंठे जलक्षेत्र लागते. मलपाणी घरच्या खड्ड्यांतच ठेवल्यास हा भार व जागा निम्म्याच्या आसपास येते. तलाव एकाऐवजी दोन-तीन भागांत, एकापुढे एक असा केल्यास पाणी आखूड वाटेने निसटून जात नाही. बांधाच्या कडेचे गवत वेळोवेळी काढणे व जलपर्णी शिरू न देणे ही मुख्य देखभाल होय. जलपर्णीने पृष्ठभाग झाकला की ऊन व हवा तुटतात, शैवले मरतात व तलावाचे डबके होते.

जागा कमी असल्यास किंवा वस्ती तलावाच्या फार जवळ असल्यास पाणवनस्पतींचा वाफा वापरतात. अशा वाफ्यांच्या शास्त्रीय अभ्यासाचा आरंभ १९५० नंतरच्या दशकात जर्मनीत केटे झायडेल यांनी केला. अस्तर लावलेल्या उथळ चरात खडी भरून तीत पाणकणीस, बोरू, कर्दळ इ. वनस्पती लावतात व पाणी खडीच्या पृष्ठभागाखालून वाहवितात. शुद्धीकरणाचे बरेचसे काम खडीवर वाढणाऱ्या जंतूंच्या थराकडून होते. वनस्पतींची मुळे त्या थरास आधार व थोडा ऑक्सिजन देतात आणि खडी बुजू देत नाहीत. पाणी उघडे नसल्याने डास व दुर्गंधी होत नाही. नीरीची ‘फायटोरिड’ ही पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. दरमाणशी १ ते २ चौ. मी. जागा साधारणतः लागते. वाफ्यात गाळयुक्त पाणी थेट सोडल्यास खडी दोन-तीन वर्षांतच बुजते. म्हणून आधी जाळी, वाळूसापळा व अडभिंती घातलेली अवसादन टाकी असावीच लागते. एक दिवसाच्या मुक्कामासाठी वरील गावास ६६ घ. मी. आकारमानाची टाकी पुरेल.

उघड्या गटारांतून पावसाचेही पाणी येते. जोराच्या एका सरीत सांडपाण्याच्या अनेक पट प्रवाह येऊन टाकीतील गाळ ढवळून निघतो व वाफ्यावर पसरतो. त्यासाठी टाकीच्या आधी बाजूला सांडवा ठेवून जादा पाणी परस्पर ओढ्याकडे वळवितात. पश्चिमेकडील तालुक्यांत या एका अडचणीमुळेच गटारे व तलाव यांची योजना करू नये. तेथे घरागणिक व्यवस्थाच इष्ट ठरते.

नाशिक शहरात तपोवन, आगरटाकळी इ. ठिकाणी मोठी यांत्रिक केंद्रे आहेत. अशा केंद्रांची लहान आवृत्ती काही गावांना सुचविली जाते. हवा खेळविणाऱ्या यंत्रांवर चालणाऱ्या टाकीतील जंतू वीज काही तास खंडित झाली तरी ऑक्सिजनाअभावी मरू लागतात व ती पूर्ववत चालण्यास दिवस लागतात. वीजबिल थकल्याने पथदिवे बंद पडणाऱ्या ग्रामपंचायतीने असे यंत्र स्वीकारणे शहाणपणाचे नाही.

पुनर्वापर : एका हेक्टर पिकास रोज ५ मिमी. पाणी लागते असे धरल्यास ५० घ. मी. पाणी लागेल, म्हणजे वरील गावाच्या संस्कारित पाण्यावर सु. सव्वा हेक्टर (तीन एकरांहून थोडे अधिक) क्षेत्र बारमाही भिजू शकते. येवला, नांदगावसारख्या अवर्षणप्रवण भागात हे पाणी मोलाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार अशा पाण्यात दर लिटरला कृमींचे एकापेक्षा अधिक अंडे असू नये. चाऱ्याचे गवत, बांबू व वृक्ष यांसाठी ते निर्धोक असते. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर, मुळा यांसारख्या भाज्यांना मात्र ते देऊ नये. नाशिकची भाजी दररोज मुंबईच्या बाजारात जाते. त्यामुळे एखाद्या ओढ्याकाठच्या मळ्यातील असंस्कारित पाण्याचा परिणाम त्या गावापुरता राहत नाही. साबण व धुण्याच्या चूर्णांतील सोडियम लवणे काळ्या जमिनीत साठून ती चोपण होण्याचा संभव असल्याने अधूनमधून गोडे पाणी देणे व निचरा ठेवणे आवश्यक असते.

खाली गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वर जलाशयात वरच्या शहरांचे व गावांचे पोषकद्रव्ययुक्त पाणी येऊन मिळते. पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या स्थळाचा २०२० मध्ये रामसर करारातील यादीत समावेश झाला. तेथे जलपर्णी माजण्यास नायट्रोजन व फॉस्फरस यांचा हा पुरवठा मुख्यतः कारणीभूत होतो. तोच नायट्रोजन व फॉस्फरस वरच्या गावांच्या चाऱ्याच्या शेतात खत म्हणून उपयोगी पडला असता.

खर्च व देखभाल : स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात (२०२०) पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावांना सांडपाण्याच्या कामांसाठी दरमाणशी २८० रु. व त्याहून मोठ्या गावांना ६६० रु. अशी मर्यादा ठरविण्यात आली. दीड हजार वस्तीस ही रक्कम ४ लाख २० हजार रु. होते. ती शोषखड्डे व लहान टाकी यांस उपयोगी पडते, पण यांत्रिक केंद्रास कोणत्याही परिस्थितीत पुरत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१–२६ या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा ३० टक्के भाग स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. बांधकामास पैसा मिळतो, मात्र जाळीवरचा कचरा रोज काढणाऱ्या माणसाच्या मजुरीची तरतूद सहसा कोणत्याच शीर्षाखाली सापडत नाही. ही जाळी आठवडाभर तशीच राहिली, की पाणी सांडव्यावरून असंस्कारित स्थितीतच ओढ्यात जाते. संस्करणाची पुढील सर्व बांधकामे जागच्या जागी असूनही निरुपयोगी होतात.

गाळ : सेप्टिक टाकीत दोन-तीन वर्षांत गाळ इतका साठतो की पाणी न थांबता पुढे वाहू लागते. तो उपसण्यासाठी संरक्षक साधने व सुरक्षिततेची खबरदारी यांविना माणसास टाकीत उतरविणे २०१३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. टाकीत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठतो व ऑक्सिजन जवळजवळ नसतो. उतरलेला माणूस क्षणात बेशुद्ध होतो व त्याला काढण्यास गेलेल्या दुसऱ्याचाही अनेकदा अंत होतो. झाकण उघडून काही वेळ ठेवले म्हणजे धोका टळतो, हा समज चुकीचा आहे. गाळ ढवळताच वायू पुन्हा मुक्त होतो. म्हणून उपसा निर्वात पंप बसविलेल्या टँकरनेच करावा लागतो.

उपसलेला गाळ शेतात किंवा नाल्यात ओतला जाणे हा पुढचा धोका असतो. सिन्नर नगरपरिषदेने ठरलेल्या आवर्तनाने घरोघरच्या टाक्या उपसण्याची व गाळ वाळूच्या वाफ्यांवर वाळविण्याची योजना राबविली आहे. साताऱ्याच्या वाई नगरपरिषदेनेही अशीच योजना केली. मालकाच्या तक्रारीची वाट न पाहता प्रत्येक टाकी पाळीने उपसली जाते, हे तिचे वैशिष्ट्य होय. वाळूच्या वाफ्यावर पाणी खाली निथळते व वरचा गाळ उन्हाने सुकून खपल्यांच्या रूपात निघतो. निथळलेल्या पाण्यावर पुन्हा संस्करण करतात. कृमींची अंडी मरण्यासाठी वाळलेला गाळ काही महिने साठवून किंवा काडीकचऱ्याबरोबर कंपोस्ट करून मगच शेतात वापरतात. एकट्या लहान गावास असे केंद्र परवडत नाही. जवळच्या शहराच्या केंद्राशी आसपासच्या गावांनी करार करून टँकर पाठविणे सोयीचे होते. मात्र अंतर २०–२५ किमी.हून अधिक झाल्यास वाहतुकीचा खर्च इतका वाढतो की चालक टँकर वाटेतच रिकामा करण्याचा संभव निर्माण होतो. अशा दूरच्या गावांत गाळासाठी गावठाणापासून व विहिरींपासून दूर, पुराच्या पाण्याबाहेर असे समाईक चर खणून प्रत्येक भरावावर मातीचा थर देतात व भरलेल्या चरावर दोन वर्षे केवळ झाडे लावतात.